औषध चालू असताना उठणाऱ्या गाठी

पेण म्हटलं की गणपतीच्या मूर्ती आठवतात. याच तालुक्यातल्या गागोदे गावात १८९५ साली विनोबा भावे जन्मले. पुढे त्यांचं कार्यक्षेत्र वर्धा झालं. तिथं त्यांच्या प्रेरणेनं मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली. तेव्हा या रोगाला 'महारोग' म्हणत. नॉर्वेच्या हॅन्सननं १८७३ मध्येच त्याचा जंतू शोधला होता, पण खात्रीचं औषध नव्हतं. कडू कवठीच्या तेलाची इंजेक्शनं देत, एवढंच.

१९४०च्या दशकात डॅप्सोन आलं, १९८२ पासून बहुविध औषधोपचार. जंतू मरू लागले. तरी एक कोडं उरलंच. उपचार चालू असतानाच काहींना ताप यायचा, अंगावर लाल, दुखऱ्या गाठी उठायच्या, नसा सुजायच्या. जंतू मरतोय, मग माणूस का बिघडतोय?

उत्तराचा धागा अपघातानं सापडला. १९६४ मध्ये जेरुसलेमला डॉ. जेकब शेस्किन यांनी अशाच एका तळमळणाऱ्या रुग्णाला झोप लागावी म्हणून थॅलिडोमाइड दिलं. गर्भातल्या बाळांना अपंग करणारं म्हणून बदनाम झालेलं हेच ते औषध. रुग्णाला झोप तर लागलीच, पण गाठीही ओसरल्या! कशा, ते १९९१ च्या सुमारास उलगडू लागलं: हे औषध शरीरातल्या टीएनएफ नावाच्या प्रथिनाला आवर घालतं.

टीएनएफ म्हणजे पेशींची दवंडी. मेलेल्या जंतूंचे तुकडे दिसले की भक्षक पेशी ते सोडतात. त्या हाकेनं त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडून तिथं गर्दी करतात. म्हणून ती जागा लाल, गरम आणि दुखरी होते. त्वचेवरची गाठ ओसरते. पण हीच सूज नसेत आली तर नस दबते. मग हात बधिर होतो, चटका कळत नाही, जखमा चिघळतात आणि बोटं जातात. 'जंतू बोटं खातो' हा समज खोटा. पुष्कळ नुकसान आपल्याच संरक्षणाच्या दवंडीनं होतं.

हे कळणं महत्त्वाचं आहे, कारण गाठी आल्या की 'औषध बाधलं' म्हणून गोळ्या सोडणारे असतात. गोळ्या सोडायच्या नाहीत. त्याच आठवड्यात दवाखाना गाठायचा. स्टिरॉइड वेळेवर मिळालं, तर नस वाचू शकते, आणि नस वाचली तर हातही.