ठासणीची रायफल निवडताना : प्रस्तावना

नाताळ आटोपला की अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हरणांच्या शिकारीचा एक खास मोसम सुरू होतो. १९७४ साली सुरू झालेल्या या मोसमात बंदूक चालते ती अठराव्या शतकातल्या घडणीची : गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी, एकनळी, ०.४४ इंचाहून बारीक नसलेल्या नळीची. हे पुस्तक अशी बंदूक निवडू पाहणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार बंद आहे. त्यामुळे परवाना काढून तिकडच्या रानात जाणारा मराठी माणूस हा याचा एक वाचक, आणि जुन्या शस्त्रांत मन रमणारा अभ्यासक हा दुसरा.

दुकानात नवख्याची नजर आधी पितळी नक्षीवर जाते. ती नळीत जायला हवी. या रायफलीत शिशाची गोल गोळी तेलकट सुती चिंधीत गुंडाळून गजाने ठासतात. आतले आटे चिंधीला धरतात, चिंधी गोळीला फिरवते. गोल गोळीला सावकाश पीळ मानवतो, साठ ते सत्तर इंचांत एक फेरा. लांबट गोळीला तीस इंचांच्या आतबाहेरचा घट्ट पीळ लागतो. अठ्ठेचाळीस इंचांचा पीळ ही दोघांची तडजोड. तेव्हा गोळी कोणती हे आधी ठरवावे, नळी त्यानंतर.

व्यास थोडा वाढला तरी गोळीचे वजन झपाट्याने वाढते. ०.४५ च्या नळीतली गोळी सुमारे सव्वाआठ ग्रॅमची, ०.५० ची साडेअकरा, ०.५४ ची साडेचौदा. गोल गोळी हवेत फार लवकर मंदावते. शंभर यार्डांवर तिचा वेग निम्म्याच्या आसपास येतो. म्हणून हरणासाठी मी ०.५० किंवा ०.५४ चाच आग्रह धरतो. ०.४५ कायद्यात बसते, पण जनावर जखमी होऊन निसटण्याची भीती तिच्यात जास्त. दुसरा बार भरेपर्यंत ते दृष्टीआड झालेले असते, आणि जखमी हरणाची जबाबदारी चाप ओढणाऱ्याचीच.

घडणीच्या दोन परंपरा पुढच्या प्रकरणांत सविस्तर येतील. पेनसिल्व्हेनियाच्याच लँकेस्टर भागातल्या जर्मन कारागिरांनी मायदेशची आखूड, जाड ‘येगर’ रायफल लांब आणि सडपातळ केली. पुढे सेंट लुईसला जेकब आणि सॅम्युअल हॉकन या भावांनी नळी पुन्हा आखूड आणि दणकट केली, कारण पश्चिमेकडे जनावरे मोठी होती आणि बंदूक घोड्यावरून न्यायची होती. त्यांच्या रायफली बहुतेक टोपीच्या, म्हणजे गारगोटीऐवजी स्फोटक टोपीने पेटणाऱ्या, म्हणून पेनसिल्व्हेनियाच्या त्या मोसमात चालत नाहीत. लांब रायफलीच्या दस्त्याचे टोक चंद्रकोरीसारखे खोलगट असते. ते खांद्यात रुतवले तर ठणका लागतो, दंडाच्या वरच्या भागावर टेकवले की नीट बसते. विकत घेण्याआधी हे अंगाला लावून पाहावेच.

खर्च करायचा तो कळीवर, म्हणजे बार पेटवणाऱ्या यंत्रणेवर. चाप ओढला की घोडा पडतो, गारगोटी पोलादावर घासते, ठिणग्या रंजकेवर, म्हणजे पेटवणीच्या दारूवर, पडतात, आणि तिची ज्वाळा बाजूच्या छिद्रातून आतल्या दारूपर्यंत पोचते. चांगल्या कळीत हे सगळे एकाच आवाजासारखे वाटते. वाईट कळीत रंजक नुसतीच भडकते, बार उडत नाही. नळीत फक्त काळी दारू किंवा तिच्यासाठीच बनवलेला पर्याय भरावा. आधुनिक धूरविरहित दारूने नळी फुटू शकते.

जुनी बंदूक हाती आली, तर आधी ती भरलेली आहे असेच धरून चाला. तोंड माणसांपासून दूर ठेवून गज हळूच आत सोडा आणि तोंडाशी खूण करा. मग तोच गज नळीच्या बाहेरून धरून पाहा. टोक बाजूच्या छिद्रापर्यंत पोचत नसेल, तर आत काहीतरी अडकले आहे, बहुधा कुणीतरी भरून ठेवलेला बार. अशी बंदूक थेट जाणत्या कारागिराकडे न्यावी.