ऐकून गाणे आणि वाचून गाणे



कामगार चळवळीतला माणूस संगीतावर काय बोलणार, ही शंका रास्त आहे. आम्ही गवई नव्हे. शाळाही अर्ध्यावर सुटलेली. जे वाचले ते सभा आटोपल्यावर, रात्री. परंतु आजचा इतिहास गाण्याचा असला तरी त्यातला प्रश्न आमच्या रोजच्या कामातला आहे. एकदा आम्ही पगाराचा करार कामगारांना वाचून दाखवत होतो. एका जुन्या कामगाराने विचारले, "भाऊ, तुम्ही वाचलंत तेच तिथं लिहिलंय, हे आम्ही कशावरून समजायचं?" तो प्रश्न आम्हाला झोंबला. तेव्हापासून आम्ही करार वाचून दाखवण्याआधी तो वाचायला शिकवू लागलो.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात हाच प्रश्न गाण्याबाबत उभा होता. सामान्य माणसे ऐकून ऐकून गात. पाच रेघांची स्वरलिपी वाचणारे थोडे. १८४१ साली हल शहरी रविवारच्या शाळांच्या शिक्षकांची परिषद भरली. गायन शिकवण्याची सर्वांत सोपी रीत शोधण्याचे काम तिने जॉन कर्वेन या पंचविशीच्या आतल्या पाद्र्यावर सोपवले. गंमत अशी की, पाहून गाणे त्याला स्वतःलाच जमत नव्हते! वाट सापडली ती नॉर्विचच्या सेरा ग्लोव्हर या शिक्षिकेच्या १८३५ सालच्या पुस्तकात. कर्वेनने त्या पद्धतीत फेरफार केले. ते बाईंना सगळेच रुचले नाहीत, आणि नाव मात्र कर्वेनचे गाजले. श्रम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हा प्रकार आम्हाला अपरिचित नाही.

ही टॉनिक सोल्फा पद्धत मराठी माणसाला चटकन समजेल. आपला षड्ज जसा कोणत्याही पट्टीत धरता येतो, तसा तिचा 'डो' चालता आहे. त्याच सुमारास लंडनमध्ये जॉन हुल्ला मोठे वर्ग चालवीत असे. त्याचा 'डो' एकाच पट्टीला बांधलेला होता. पट्टी बदलली की त्याचे विद्यार्थी गोंधळत.

कर्वेनच्या वर्गात भिंतीवर स्वरांची शिडी टांगलेली असे. मास्तर छडीने स्वर दाखवी आणि वर्ग तो गाई. बाजूला दुसऱ्या षड्जांच्या शिड्या असत. छडी शेजारच्या शिडीवर सरकली की कालचा पंचम आजचा षड्ज होई. सप्तकाबाहेरचा स्वर आला तर अक्षराची मात्रा बदले: चढलेला 'फा' म्हणजे 'फी', उतरलेला 'टी' म्हणजे 'टॉ'.

याचे महत्त्व अनेक आवाजांच्या गायनात कळते. ऋषभ, तीव्र मध्यम आणि धैवत एकदम गायले की कानाला पंचमाची ओढ लागते; पुढे पंचम, निषाद, ऋषभ असा मेळ आला की तो निवतो. तो तीव्र मध्यम एखाद्याच गटाच्या वाट्याला येतो. तो जरा ढळला की सारा मेळ बिघडतो. शेजाऱ्याच्या सुरात सूर मिसळून तेथे भागत नाही, कारण शेजारी वेगळाच स्वर गात असतो. प्रत्येकाला आपला स्वर वाचावा लागतो आणि दुसऱ्याचा ऐकावा लागतो.

लयीसाठी कर्वेनने एमे पारी या फ्रेंच माणसाची युक्ती उचलली. एका ठोक्याला 'टा', त्याच्या दोन भागांना 'टाटाय', चार भागांना 'टाफाटेफे'. अवघड लय आधी तोंडाने म्हणायची, मग गायची. तबल्याचे बोल पाठ करणाऱ्यास हे नवे नाही. शिवाय सारे लेखन साध्या अक्षरांत आणि टिंबांत असल्यामुळे छपाई स्वस्त झाली.

१८५७ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये सुमारे तीन हजार मुले या पद्धतीने गायली. १८८२ च्या शालेय नियमांत ऐकून गाणाऱ्या मुलामागे सहा पेन्स, तर वाचून गाणाऱ्यामागे एक शिलिंग अनुदान ठरले. सरकारी हिशेबातही वाचण्याची किंमत दुप्पट! वेल्समध्ये ही पद्धत प्रार्थनामंदिरांतून खाणकामगारांपर्यंत पोचली. १८७३ साली कॅरडॉग या मूळच्या लोहाराच्या नेतृत्वाखाली तेथल्या मोठ्या गायकमेळाने क्रिस्टल पॅलेसची स्पर्धा जिंकली. त्यात हरला तो खुद्द लंडनच्या टॉनिक सोल्फा संघाचा मेळ!

पण दुसरी बाजू लपवणे बरे नव्हे. ज्याला केवळ ही अक्षरे येत, त्याला वाद्यवृंदाची पाच रेघांची लिपी परकीच राही. कर्वेनला आरंभी आपली पद्धत त्या लिपीची पायरी म्हणून हवी होती. पुष्कळांसाठी ती शेवटची पायरी ठरली. पुढे षड्ज सतत हलता ठेवणाऱ्या रचना आल्या, तेव्हा ती अपुरीही पडू लागली. तरी ती व्यर्थ गेली नाही. कर्वेनच्या १८७० सालच्या हस्तखुणा हंगेरीत कोडायच्या शिक्षणपद्धतीने उचलल्या आणि आजही मुले त्यांवरून गातात.

गरिबाला सोपे तेवढेच द्यावे, असे म्हणणारे चळवळीतही भेटतात. आमचे म्हणणे इतकेच की, सोप्यापासून आरंभ करावा, पण तेथेच थांबवू नये. त्या जुन्या कामगाराला करार वाचता आला; पुढे कायद्याचे पुस्तकही त्याने मागून नेले. ते देताना, हे तुला कळणार नाही, असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नव्हता.