निखळलेल्या चाकाचा जाब

आपल्या कथापरंपरेत रथाच्या चाकाला मोठा मान आहे. कर्णाच्या रथाचे चाक ऐन युद्धात रुतले, ते शापामुळे. दशरथाच्या रथाचे चाक निसटू लागले तेव्हा कैकेयीने आसात हात घालून रथ सावरला आणि दोन वर मिळवले, असे कीर्तनकार सांगतात. एका कथेत दैव आहे, दुसरीत धाडस. लढाईला निघण्यापूर्वी रथ तपासला होता कुणी, हा प्रश्न दोन्हीकडे उपस्थित होत नाही.

मालट्रकांच्या इतिहासासाठी जुनी वृत्तपत्रे, कायद्याची पुस्तके आणि दुरुस्तीच्या पुस्तिका चाळताना मला हाच प्रश्न सतत आठवत राहिला. अपघाताच्या बातमीत ‘चाक निखळून’, ‘टायर फुटून’, ‘चालकाचा ताबा सुटून’ असे शब्द येतात आणि बातमी तिथेच थांबते. चाक रस्त्यावर निखळते हे खरे. पण त्याची तयारी बहुतेक वेळा आधीच, गॅरेजात आणि माल भरण्याच्या जागी झालेली असते.

आपल्याकडच्या ट्रकची घडणच दोन हातांची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकायला काढलेल्या गाड्या नागरी वाहतुकीत आल्या. १९५४ साली टेल्कोने डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. पण पुढची कित्येक दशके कारखान्यातून ग्राहकाच्या हाती येई ती मुख्यत्वे चासी: इंजिन, सांगाडा, आस आणि चाके. केबिन आणि हौदा बांधायचे काम सुतार, लोहार आणि वेल्डर यांचे. या कारागिरांचे कसब मोठे होते. लाकडी केबिनवरची नक्षी आणि मागच्या फाळक्यावरची अक्षरे ही आपली लोककलाच म्हणावी लागेल. अडचण कसबाची नव्हती, हिशेबाची होती. आस किती भार पेलणार, हे कारखान्याने ठरवलेले असे. हौद्याच्या फळ्या किती उंच करायच्या, हे मालक ठरवी. फळ्या उंचावल्या की माल वाढे. मालाने गाडी बसू लागली की कमानीत एक-दोन जादा पाटे चढत. गाडी पुन्हा सरळ उभी राहिली की ती मजबूत झाली असे वाटे. प्रत्यक्षात मजबूत झालेले असत ते फक्त पाटे. ब्रेक, बेअरिंग, चाकाचे बोल्ट आणि टायर होते तसेच राहत.

हे ‘तसेच राहणे’ किती महाग पडते, याचे गणित अभियंत्यांनी कधीच मांडून ठेवले आहे. रोलर बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला, तर त्याचे अपेक्षित आयुष्य निम्मे होत नाही. ते सुमारे एक दशांशावर येते. बेअरिंग तापते, वंगण पातळ होऊन वाहून जाते आणि शेवटी हबसकट चाक बाहेर येऊ शकते.

नटांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. चाक बोल्टांवर नुसते टांगलेले नसते. नट आवळल्यावर बोल्ट किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने चाक हबवर दाबून धरले जाते. हा दाब गेला की चाक हलू लागते, भोके झिजतात, बोल्ट तुटतात. दाब जाण्याची कारणे साधी आहेत. चाक आणि हब जिथे टेकतात तिथे रंगाचे थरावर थर असले, तर रंग दबतो आणि नट सैल पडतो. खंडेनवमीसाठी हौसेने रंगवलेल्या चाकालाही हा नियम लागू आहे. उलट, पान्याला लांब पाईप लावून नट बेसुमार आवळला, तर बोल्ट कायमचा ताणला जातो आणि त्याची पकडच जाते. चाक बदलल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत, असे पुस्तिका सांगतात. माल वेळेत पोचवण्याची घाई त्याच्या आड येते. अनेक जुन्या गाड्यांत डाव्या चाकांना उलटे आटे असत, ते चाकाच्या फिरण्याने नट सैल होऊ नये म्हणून. नटाचा भरवसा नसतो, हे आखणाऱ्यांना तेव्हाही माहीत होते.

कायद्यालाही ते माहीत होते. १९३९च्या मोटार वाहन कायद्यात गाडीतील फेरबदलासाठी परवानगीची अट होती. १९८८च्या कायद्याच्या कलम ५२मध्ये ती आली आणि २००० सालच्या दुरुस्तीने निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असे फेरबदल करायलाच मनाई झाली. जादा भाराबद्दल कलम ११३ तर स्पष्टच बोलते: चालक हा मालक नसेल, तर गुन्हा मालकाला ठाऊक असताना किंवा त्याच्या हुकमावरून घडला, असे न्यायालय गृहीत धरू शकते. तरी काही राज्यांत ठरावीक रक्कम घेऊन जादा भाराला मुभा देणारी कार्डे निघाली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले की दंड भरल्याने जादा माल पुढे नेण्याचा हक्क मिळत नाही. तो उतरवलाच पाहिजे. पुढे २०१८ साली सरकारने भाराची मर्यादाच वाढवली. चार टायरांच्या एका आसावर १०.२ टनांऐवजी ११.५ टन चालू लागले.

एवढे असूनही अपघातानंतर पहिला गुन्हा बहुधा चालकावर नोंदला जातो, निष्काळजीपणाचा. अशीच कोंडी कॅनडातील ओंटारिओ प्रांताने वेगळ्या रीतीने फोडली. १९९०च्या दशकाच्या मध्यावर तिथे ट्रकांची निखळलेली चाके समोरून येणाऱ्या मोटारींवर आदळून माणसे दगावली आणि लोक संतापले. १९९७ साली प्रांताने कायदा केला: व्यावसायिक वाहनाचे चाक चालत्या गाडीतून निखळले, की गुन्हा झालाच. दंड पन्नास हजार डॉलरपर्यंत. ‘आम्ही सगळी काळजी घेतली होती’ हा बचाव चालणार नाही. हा कायदा फार कठोर आहे, अशी तक्रार न्यायालयात गेली. २००३ साली तिथल्या अपील न्यायालयाने तो वैध ठरवला.

काळजी घेणाऱ्यालाही शिक्षा करणारा कायदा न्याय्य आहे का, यावर मतभेद होऊ शकतात. मलाही तो पूर्णपणे पटत नाही. पण त्याने एक काम केले. चाकाचा हिशेब स्टिअरिंगमागच्या माणसाकडून गाडी बाळगणाऱ्याकडे नेला.

दिवाळी सरली की आपल्याकडे उसाचा हंगाम भरात येतो. हौद्याबाहेर झुकलेले ट्रक आणि एकामागे एक दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस कारखान्याची वाट धरतील. कारखान्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक खेपेचे वजन नोंदले जाते, कारण त्यावर उसाचा पैसा ठरतो. म्हणजे गाडीने किती भार आणला, याचा लेखी पुरावा रोज तयार होतो. तो उद्या चाक निखळल्यावर चौकशीच्या कागदांत लावायला नवा कायदा लागत नाही. ती चिठ्ठी मागायची, एवढेच करायचे आहे.