पेट्रोलच्या वासाचा माग

चेन्नईच्या दक्षिणेस, महाबलीपुरमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर पेरुंगुडी वसले आहे. एकीकडे पल्लीकरणैची दलदल, दुसरीकडे थोड्याच अंतरावर समुद्र. आज तेथे संगणक-कंपन्यांच्या उंच इमारती दिसतात; हवा मात्र पूर्वीसारखीच दमट व खारी आहे. अशा हवेत जतन केलेल्या जुन्या मोटारीच्या पोटाखालची पोलादी नळी नकळत गंजत जाते. मग एके सकाळी गाडीजवळ पेट्रोलचा उग्र वास येतो. त्या वासाचा माग काढू गेल्यास तो थेट भारतीय मोटारधंद्याच्या इतिहासात जाऊन पोचतो.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या त्यांच्या कारखान्यात पुढे फियाट ११०० बनू लागली आणि १९७० नंतरच्या दशकात तिलाच ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. मद्रासेत १९४८ मध्ये स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ही कंपनी निघाली. १९६१ पासून तिची ‘हेरल्ड’ रस्त्यावर धावू लागली. मुंबईची फियाट आणि मद्रासची हेरल्ड यांची रूपे भिन्न, पण इंधनाची वाट एकच. टाकी मागे, इंजिन पुढे. इंजिनच्या गतीवर चालणारा पडद्याचा पंप पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरला पोचवी.

गळती शोधण्याची किल्ली या रचनेतच आहे. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत ओढ असते, पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंत दाब. दाबाच्या बाजूस चीर असेल तर इंजिन चालू असताना पेट्रोल ठिबकते. ओढीच्या बाजूस चीर असेल तर कदाचित थेंबही दिसत नाही. नळी हवा खेचते आणि गाडी चढावर धापा टाकू लागते. पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल इंजिनच्या तेलात उतरते. तेलाची पातळी वाढते, त्याला पेट्रोलचा वास येतो. कार्ब्युरेटरमधील सुई अडकली तर तो भरून वाहतो, आणि दोष बिचाऱ्या नळीच्या माथी येतो. पेट्रोल चटकन उडून जात असल्याने ओल शोधून भागत नाही. सांध्यांवरचा पिवळट-तपकिरी डाग पाहावा लागतो. म्हणून सर्व सांधे कोरडे पुसून, खाली पांढरा कागद अंथरून, टाकीपासून क्रमाने पुढे जाणे हीच जाणत्या मिस्त्रीची रीत. हे काम उघड्यावर, इंजिन थंड असताना आरंभावे. काडी वा विडी जवळ नसावी. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि दूरची ठिणगीही तिला पुरते.

परंतु नळी फुटली कशाने? गंज आणि वय ही कारणे खरीच. तिसरे कारण मात्र काळाने निर्माण केले. २००० मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. २००३ पासून काही राज्यांत त्यात पाच टक्के इथेनॉल मिसळू लागले. २०२२ मध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांवर गेले आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांपर्यंत पोचले. हे इथेनॉल बव्हंशी ऊस आणि धान्यापासून होते. ज्या महाराष्ट्रात साखर कारखान्यांनी गावांचे अर्थकारण पालटले, तेथील उसाच्या मळीचा अंश असा मोटारीच्या टाकीत आला. शेतकऱ्याला त्याने नवी बाजारपेठ दिली. पण शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेले जुने रबर त्याने फुगते, मऊ पडते वा तडकते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते आणि गंजाला साथ देते.

म्हणजे त्या नळीचा दोष तिच्या घडणीचा नव्हे. आपल्या काळाच्या इंधनाशी ती प्रामाणिक राहिली; इंधनच बदलले. फुटलेला तुकडा कापून जोडण्यापेक्षा इथेनॉल सोसणारी नवी रबरी नळी, नव्या पकडी आणि पंपाचा नवा पडदा बसवणे हाच उपाय. वारसा जतन करायचा तो त्याच्या रूपात. ज्यातून आग वाहते ती वाट मात्र चालू काळाचीच असावी लागते.