नावाचा सातबारा

मागच्या पोळ्याला कपाट आवरताना एका पतसंस्थेनं ठेवीदारांना वाटलेली कापडी पिशवी सापडली. त्यावर संस्थेच्या वेबसाईटचा पत्ता छापलेला होता. सहज मोबाईलवर टाकून पाहिला, तर पतसंस्था उघडलीच नाही. इंग्रजीत पाटी दिसली, "हे नाव विकणे आहे."

संस्थेत जाऊन विचारलं. वेबसाईट करून देणारा पोट्टा पुण्याला गेला होता. पैसे भरायची आठवण त्याच्याच ईमेलवर जायची. पैसे भरले गेले नाहीत, नाव गेलं. "एवढंसं नाव कोण कायले विकत घेईन बाप्पा?" असं तिथले एक जण म्हणाले. त्या प्रश्नाचं उत्तर जरा मागे जाऊन द्यावं लागतं.

इंटरनेटवरच्या पत्त्याला डोमेन म्हणतात. पहिलं डॉट कॉम नाव 15 मार्च 1985 ला नोंदलं गेलं. तेव्हा नावं फुकट मिळायची आणि विचारायला कोणी जात नव्हतं. सप्टेंबर 1995 पासून दोन वर्षांचे 100 डॉलर लागू झाले, आणि तिथून लोकांच्या लक्षात आलं की ही मोक्याच्या जागेसारखी वस्तू आहे. 'बिझनेस डॉट कॉम' हे नाव 1997 मध्ये दीड लाख डॉलरला गेलं, आणि 1999 मध्ये तेच 75 लाख डॉलरला.

आखूड नावांना सगळ्यात जास्त भाव, कारण हिशेब साधा आहे. इंग्रजी अक्षरं 26. दोन अक्षरी नावं होतात फक्त 676 आणि तीन अक्षरी 17,576. जमिनीसारखंच, नवीन तयार होत नाहीत. 2015 च्या शेवटी चिनी गुंतवणूकदार आखूड नावांवर तुटून पडले, भाव चढले आणि पुढच्या वर्षी उतरले.

आपल्या वऱ्हाडानं हे आधी पाहिलंय. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध होतं. तिकडचा कापूस थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर मुंबईत बॅकबेच्या शेअर्सचा सट्टा झाला, म्हणजे समुद्रातून अजून वर न आलेल्या जमिनीचा. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि फुगा फुटला. कापूस पिकवणारा इथे, सट्टा खेळणारा तिथे. नावांच्या बाजारातही असंच आहे. नावाला किंमत आणतात ते वापरणारे, आणि पैसा कमावतो तो आधी नोंदवून बसलेला.

मात्र सगळेच नोंदवणारे लबाड नसतात. साधा शब्द किंवा चार अक्षरं घेऊन ठेवणं आणि विकणं हा कायदेशीर धंदा आहे. दुसऱ्याच्या ओळखीवर डोळा ठेवून घेणं हा वेगळा प्रकार. 'रेडिफ'शी मिळतंजुळतं 'रॅडिफ' हे नाव वापरणाऱ्याला मुंबई उच्च न्यायालयानं 1999 मध्येच रोखलं. 2004 मध्ये सत्यम इन्फोवे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की डोमेन म्हणजे नुसता पत्ता नव्हे, त्याला व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं. डॉट इन नावं 2005 मध्ये सर्वांसाठी खुली झाली, तेव्हा तंटा सोडवायची स्वतंत्र लवाद व्यवस्थाही आली. पण लवादाकडे जायला फी लागते, वकील लागतो. वेळेवर पैसे भरणं त्याहून कितीतरी स्वस्त.

आपल्याकडे आणखी एक घोळ आहे, स्पेलिंगचा. 1905 पर्यंत हा वणी जिल्हा होता. मग यवतमाळ झाला, आणि इंग्रजांनी त्याचं 'येवतमाळ'सारखं स्पेलिंग केलं. जुन्या कागदांवर एक, आताच्या पाट्यांवर दुसरं. संस्थेनं एक स्पेलिंग घेतलं की दुसरं कोणालाही मोकळं. 2014 पासून देवनागरीत 'डॉट भारत' नावं मिळतात, तिथे हा प्रश्नच नाही. पण आपल्यापैकी किती जणांनी तसा पत्ता कधी टाईप केलाय?

मुख्य गोष्ट ही की डोमेन विकत मिळत नाही, भाड्यानं मिळतं. मुदत संपली की थोडी सवलत असते, मग जास्त पैसे भरून सोडवून घ्यायची संधी, आणि त्यानंतर नाव बाजारात. ते घेणारा तिथे जाहिराती लावेल, किंवा हुबेहूब तुमच्या संस्थेसारखं पान उभं करून ठेवीदाराचा पासवर्ड मागेल. ही भीती ओळखूनच रिझर्व्ह बँकेनं सहकारी बँकांसह सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' वर यायला सांगितलं. ते नाव बँकेशिवाय कोणाला मिळत नाही. पण पतसंस्था बँक नाही. शाळा, बाजार समिती, शेतकरी कंपनी यांनाही ते कवच नाही. त्यांनी स्वतःच सांभाळायचं.

म्हणून येत्या आमसभेत तीन प्रश्न विचारा. आपल्या वेबसाईटचं नाव संस्थेच्या नावावर आहे की करून देणाऱ्याच्या? मुदत कधी संपते? आठवणीचा ईमेल कोणाकडे येतो?

शेताचा सातबारा आपण दरवर्षी काढून बघतो. नावाचाही एकदा बघा. त्या पिशवीवरचा पत्ता मी पेनानं खोडून टाकलाय. बाकीच्या पिशव्या अजून घराघरात आहेत.