काट्याची किंमत

विळ्या-सुऱ्यांना धार लावणारा शिकलगार दारात बसला, की चाकावरच्या ठिणग्या पाहायला पोरांचा घोळका जमतो. ठिणगी डोळ्यांत भरते. तिच्यासंगे उडणारी धूळ मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. या धुळीचा इतिहास वाचायचा तर इंग्लंडातील शेफील्ड शहरी जावे लागते.

शेफील्डच्या सुऱ्या-कात्र्या जगात नावाजलेल्या. तिथले पाती घासणारे कारागीर पूर्वी नदीकाठी पाणचक्कीवर काम करीत. पाणी आटले, की चाक थांबे आणि माणसालाही मोकळी हवा मिळे. पुढे वाफेचे यंत्र आले आणि चाकाचा विसावा संपला. कोंदट खोल्यांतून दाटीवाटीने चाके फिरू लागली.

सर्वांत वाईट दशा जेवणाचे काटे घासणाऱ्यांची. त्यांचे दगडी चाक कोरडे असे. शेफील्डचे डॉक्टर नाइट यांच्या आधाराने एंगल्सने 1845 च्या आपल्या ग्रंथात नोंदविले आहे, की हे कारागीर 28 ते 32 व्या वर्षीच मरत. ओल्या चाकावर सुऱ्या घासणारे 40 ते 50 पर्यंत जगत. फरक होता तो पाण्याने धूळ बसण्याचा. खरा घात लोखंडाच्या किसाहून दगडाच्या धुळीने होई. तिच्यातील सिलिका फुफ्फुसात रुतते, तिथे चट्टे धरतात, श्वास आखडतो आणि पाठोपाठ क्षय गाठतो.

उपाय नव्हता असे नाही. अब्राहम नावाच्या शेफील्डकराने कीस ओढून घेणारी लोहचुंबकाची योजना काढली होती. पुढे धूळ खेचणारे पंखेही निघाले. पण पुष्कळ कारागिरांनीच ते नाकारले! धंदा निर्धोक झाला तर नवे हात येतील आणि मजुरी उतरेल, ही त्यांची धास्ती. अल्पायुष्य हेच त्यांच्या चढ्या मजुरीचे भांडवल होते. दारुडे कारागीर अधिक जगत, असेही त्या ग्रंथात आहे. कारण ते कामावर कमी येत!

त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. मला ते म्हणवत नाही. उद्याच्या श्वासापेक्षा आजची भाकरी जवळची, हा त्यांचा हिशेब होता, आणि तो त्यांच्यावर लादलेला होता. म्हणूनच 1867 साली कायद्याला मध्ये पडावे लागले. आपल्याकडेही 1948 च्या कारखाने कायद्यात धूळ जिथे उठते तिथेच शोषून घेण्याची तरतूद आली. असा पंखा बसविणे मजुराच्या मर्जीवर सोडायचे नसते, हा धडा शेफील्डच्या तरण्या कारागिरांनी प्राण देऊन शिकविला.

फराळाच्या ताटाशेजारचा चकचकीत चमचा उचलताना एवढे आठवले, तरी पुष्कळ झाले.