मनमाडचा खांदेपालट

छत्रपति संभाजीनगराहून, म्हणजे जुन्या औरंगाबादेहून, पैठणकडे निघालें म्हणजे वाटेंत बिडकीन लागतें. या गांवच्या परिसरांत दिल्ली–मुंबई औद्योगिक पट्ट्यापैकीं सुमारें ८ हजार एकरांचें क्षेत्र आंखलें गेलें आहे. विजेवर चालणाऱ्या दुचाक्या बनविणाऱ्या एथर कंपनीनें २०२४ सालीं तेथें वर्षाला १० लक्ष गाड्यांपर्यंत मजल जाईल असा कारखाना उभारण्याचें जाहीर केलें. आतां अशा गाडीला पेट्रोल नको, पण वीज हवी. आणि वीज घेण्याचें तोंड प्रत्येक कंपनीनें आपापल्या मापाचें ठेवलें, तर रस्त्यावरचें चार्जिंगचें केंद्र परक्या गाडीला कोरड्या विहिरीसारखेंच. प्रश्न नवा वाटतो खरा; परंतु या मुलखाला त्याची ओळख फार जुनी आहे.

इ. स. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यांत मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड या मार्गानें हैदराबादेकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली. तिच्या रुळांमधील अंतर एक मीटर. उलट मनमाडाहून मुंबईकडे जाणाऱ्या जी. आय. पी. रेल्वेचे रूळ साडेपांच फुटांचे. हें रुंद माप डलहौसीच्या कारकीर्दींत ठरलें होतें; पुढें पैशाची ओढ लागली तेव्हां १८७० सालीं लॉर्ड मेयोच्या सरकारनें स्वस्त पडणारें अरुंद माप पत्करलें. यांत एक गंमत आहे. मीटरच घेतला, कारण सबंध हिंदुस्थानांत मेट्रिक मापें सुरू करण्याचें सरकारच्या मनांत होतें. त्यासाठीं १८७१ सालीं कायदाहि झाला, पण तो कागदावरच राहिला. बाजारांत शेर आणि मण पूर्ववत् चालले, आणि मीटर उरला तो रुळांपुरता!

याचें फळ मनमाडास भोगावें लागे. मराठवाड्यांतून माल घेऊन आलेला डबा तेथें थबके, कारण पुढच्या रुळांवर त्याचीं चाकें बसतच नसत. कापसाच्या गाठी आणि धान्याचीं पोतीं हमालांनीं उतरावयाचीं, पलीकडच्या डब्यांत पुन्हां भरावयाचीं. वेळ जाई, मजुरी पडे, माल सांडे. ही हमाली शेतकऱ्याला कोणी निराळी मोजून दाखवीत नसे. ती मालाच्या भावांत मुकाट्यानें मुरे. माप ठरविणारा सिमल्यास किंवा कलकत्त्यास, आणि त्याची किंमत मोजणारा बैलगाडी हांकीत स्टेशनवर येणारा! मनमाड–औरंगाबाद मार्ग रुंद होण्यास १९९० नंतरचें दशक उजाडावें लागलें.

नाण्यांचीहि तीच तऱ्हा. निजामी हाली शिक्क्याचे ७ रुपये म्हणजे इंग्रजी अंमलांतले सुमारें ६. सरहद्द ओलांडणाऱ्याला सराफाचा बट्टा चुकत नसे. १९४८ सालीं संस्थान भारतांत आलें, तरी हाली शिक्का पुरता जाण्यास १९५९ साल लागलें. मधल्या काळांत १९५६ च्या कायद्यानें किलो आणि मीटर आले, आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले.

टेलिफोनच्या खिशांतल्या अवतारानें हाच घोळ पुन्हां घातला. २००९ सालीं युरोपांत चार्जरचे सुमारें ३० प्रकार नांदत होते. युरोपीय आयोगाच्या आग्रहावरून १४ कंपन्यांनीं स्वखुशीचा करार केला आणि प्रकार ३ वर आले. त्यापुढें मात्र गाडें हालेना. अखेर २०२२ सालीं कायदा झाला, आणि २८ डिसेंबर २०२४ पासून तेथें विकल्या जाणाऱ्या नव्या फोनला टाइप-सी हेंच तोंड असावें असें ठरलें. लॅपटॉपांसाठीं तारीख २८ एप्रिल २०२६ ची. कायद्यानें माप गोठविलें तर सुधारणाच खुंटेल, असा अॅपल कंपनीचा आक्षेप होता. तो अगदींच पोकळ म्हणतां येत नाहीं : २००९ चें मायक्रो-यूएसबी कायद्यानें कायम केलें असतें, तर २०१४ सालीं आलेल्या सरस टाइप-सीची वाट अडली असती. म्हणूनच नव्या कायद्यांत माप बदलण्याची सोय ठेविली आहे. गंमत अशी कीं, कायदा झाला ब्रुसेल्सला, आणि सप्टेंबर २०२३ मध्यें आयफोनचें तोंड बदललें तें साऱ्या जगांत, औरंगाबादच्या दुकानांतहि.

भारतीय मानक ब्यूरोनें टाइप-सीचें मानक जानेवारी २०२३ मध्यें प्रसिद्ध केलें, आणि त्याच वर्षीं विजेच्या हलक्या गाड्यांसाठीं आय. एस. १७०१७ या मालिकेंत एका देशी जोडणीला मान्यता दिली. सावकाश भरणारी घरगुती वीज आणि झपाट्यानें भरणारी केंद्रावरची वीज, या दोहोंना तिच्यांत एकच तोंड पुरतें. मानक प्रसिद्ध झालें म्हणजे सक्ती झाली असें मात्र नव्हे. सक्तीला शासनाचा निराळा हुकूम लागतो. या जोडणीचा मूळ नमुना एथरचाच. कंपनीनें तो २०२१ सालीं इतरांना खुला केला, आणि हिरो कंपनीच्या विडा गाडीनें तो घेतला. दोघां प्रतिस्पर्ध्यांच्या गाड्या एकाच केंद्रावर उभ्या राहूं लागल्या, त्या मानक निघण्याच्या आधीं.